आज वार कोणता?

श्रोतेहो, नमस्कार. परदेशात बरीच वर्षं काढून आलेल्या माणसाला सगळे विचारतात, तिकडे करमलं का? इकडे परत आल्यावर करमतंय का, हे मात्र कुणी विचारत नाही. आज मी त्या परत येण्याबद्दल बोलणार आहे. पण त्याआधी एक हकीकत. ती मला इतकी आवडते की सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१५१९ साली दर्यावर्दी मॅगेलन पाच जहाजं घेऊन स्पेनहून निघाला. पश्चिमेच्या वाटेनं मसाल्याची बेटं गाठायची, असा बेत. ताफ्यात आंतोनिओ पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन होता, जग बघायला निघालेला. तो रोजनिशी लिहायचा. १५२१ मध्ये फिलिपीन्समध्ये मॅगेलन मारला गेला, जहाजं एकेक करून गेली, माणसं उपासमारीनं आणि आजारानं दगावली, तरी याची रोजनिशी चालूच. रोजनिशी लिहावी हो, श्रोतेहो. फोनमध्ये फोटो ढीगभर असतात, पण त्या संध्याकाळी आपल्याला कुणाची आठवण आली होती, ते त्यात सापडत नाही.

तर, जुलै १५२२. व्हिक्टोरिया हे जहाज आफ्रिकेला वळसा घालून केप व्हर्द बेटांपाशी आलं. जहाजावरचं अन्न संपत आलेलं. बेटं स्पेनच्या प्रतिस्पर्धी पोर्तुगीजांची, म्हणजे पकडले जाण्याची भीती. तरीही होडी किनाऱ्याला पाठवली. जाणाऱ्यांना बजावलं, धान्य आणा, आणि आज वार कोणता तेवढं विचारून या. उत्तर आलं, गुरुवार. जहाजावर तर बुधवार होता!

पुन्हा सांगते. जहाजावर बुधवार, किनाऱ्यावर गुरुवार. पिगाफेत्ता चक्रावून गेला. मी कधी आजारी पडलो नाही, रोजची नोंद कधी चुकवली नाही, मग दिवस गेला कुठे? नंतर उलगडा झाला. मोजणी कुणाचीच चुकली नव्हती. जहाज पश्चिमेकडे, सूर्याच्या मागोमाग जात राहिलं होतं, त्यामुळे त्यांचा दिवस किनाऱ्यावरच्या दिवसापेक्षा किंचित लांबत होता. ते किंचित किंचित जवळजवळ तीन वर्षं साठलं आणि त्याचा अख्खा एक दिवस झाला. सप्टेंबरात हे जहाज स्पेनला पोहोचलं तेव्हा त्यावर १८ जण उरले होते.

दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याचं असंच होतं. त्याचे दिवस खरे, घरच्यांचेही खरे, पण मेळ बसत नाही. त्याच्या मनातलं घर तो निघाला त्या तारखेलाच थांबलेलं असतं. परतल्यावर रात्री अंधारात तो भिंत चाचपतो, तर दिव्याचं बटण कधीच दुसरीकडे गेलेलं. कडेवर खेळवलेली भाची दाराआडून बघते, कोण आलंय म्हणून. बोलता बोलता कुणीतरी थांबतं, "जाऊ दे, तुला नाही माहीत," म्हणतं, आणि ती गोष्ट राहूनच जाते.

परक्या देशात गेल्यावर माणूस कसा भांबावतो, त्याचे टप्पे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी १९६० साली मांडले. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दांपत्यानं दाखवलं की मायदेशी परतल्यावर मन पुन्हा तसंच खचतं. पुन्हा, श्रोतेहो, आणि तेही आपल्याच घरात! जातानाची तयारी महिनोन्महिने चालते, येतानाची कोण करतं?

रोज व्हिडिओ कॉल करणारे म्हणतात, आमचं काही निसटत नाही. मला ते पटत नाही. लांबच्या माणसाला काळजी नको म्हणून घरचे निम्मं गाळूनच सांगतात.

म्हणून परत आलात की पहिले काही दिवस तिकडच्या गोष्टी बाजूला ठेवा. विचारा. कोण कुठे राहायला गेलं, कोणाचं दुखणं निघालं, कोण कुणाशी बोलेनासं झालं, सगळं विचारा. आणि घरच्यांनो, "तुला नाही माहीत" म्हणून थांबू नका. त्याला शेजारी बसवा आणि तो गेला त्या दिवसापासून सगळं सांगा.