परतीचा अर्धा रस्ता

नमस्कार. मला विषय दिलाय ‘सुट्टीतली सायकल’. मी मोकळा रस्ता, झाडांची सावली, लहानपणीचे खरचटलेले गुडघे वगैरेंवर बोलेन, असा तो देणाऱ्यांचा अंदाज असावा. त्याआधी एक विचारतो. सुट्टी लागली, हौसेने सायकल काढली, पहिल्याच दिवशी लांब गेलात आणि पुढचे चार दिवस सायकलकडे बघवलंसुद्धा नाही, असं किती जणांचं झालंय? बरेच हात आहेत. असू देत. आता खरं सांगा, जे काही झालं ते जाताना झालं की येताना?

येताना. दर वेळी हेच उत्तर मिळतं. आपण फेरी ठरवतो म्हणजे कुठे जायचं ते ठरवतो: तळं, टेकडी, एखादं जुनं देऊळ. यायचं कसं, ते कुणी ठरवत नाही. गेलो तसे येऊ, असं आपण गृहीत धरतो. आणि गेलो तसे आपण कधीच येत नाही. ऊन बदललेलं असतं, वारा बदललेला असतो, बाटली रिकामी असते, आणि मुख्य म्हणजे पाय सकाळचे राहिलेले नसतात. म्हणून आज मी त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दलच बोलणार आहे.

सायकलची इतिहासात नोंदलेली पहिली फेरीसुद्धा उन्हाळ्यातलीच. १२ जून १८१७ या दिवशी जर्मनीतल्या मानहाइम शहरातून कार्ल फॉन द्राइस हा वनाधिकारी स्वतः बनवलेल्या लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला पेडल नव्हतं, चेन नव्हती. बैठकीवर बसायचं आणि आळीपाळीने एकेका पायाने जमीन मागे ढकलायची. श्वेट्झिंगेनच्या वाटेवर टपालाचे घोडे बदलण्याचं एक ठाणं होतं, तिथवर तो गेला आणि परत आला. जाऊनयेऊन तेरा-चौदा किलोमीटर, आणि तेही तासाभराच्या आत. या गोष्टीत बहुतेकांना ते यंत्र भावतं. मला ‘परत आला’ हे शब्द भावतात. पेडल नसलेल्या गाडीवर आलेल्या वाटेने पुन्हा तेवढंच ढकलत यायचं, म्हणजे गड्याने पायात काहीतरी शिल्लक ठेवलं होतं.

पुढची साठ-सत्तर वर्षं भराभर ओलांडतो. पुढे प्रचंड चाक आणि मागे चिमुकलं, अशी ती सर्कशीतली वाटणारी सायकल येऊन गेली. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने जवळजवळ सारख्या चाकांची, चेनने मागचं चाक फिरवणारी सायकल आणली. आपली आजची सायकल तिचीच नात. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. त्याआधीच्या भरीव चाकांवर मजा म्हणून पन्नास किलोमीटर जाणारा माणूस मनाने भक्कमच असला पाहिजे. हाडांनी तर नक्कीच.

एक तारीख मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. २० जून १९३६. फ्रान्समध्ये त्या दिवशी कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा झाला, आणि त्या उन्हाळ्यात माणसं सायकलींवर सामान बांधून बाहेर पडली. नवराबायको जोडसायकलवर, पुढे एक, मागे एक. त्यांतल्या कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाली होती. त्या जोडप्यांचे फोटो मी पुष्कळ पाहिलेत. सगळे हसतायत. पण रजा मोजून दोन आठवड्यांची, म्हणजे परतीची तारीख निघण्याआधीच ठरलेली. लांब जायचा मोह किती झाला असेल आणि तो आवरून सायकल कुठल्या वळणावर वळवली असेल, हे फोटोत दिसत नाही.

आता वाऱ्याचं सांगतो. हे मी अंगावर शिकलोय.

मी एकोणीस वर्षांचा होतो. सुट्टी होती. सकाळी एकटाच निघालो आणि काय पाय चालत होते! पेडल मारायचं नुसतं निमित्त, सायकल आपली आपणच पळतेय. दीड तासात तीस किलोमीटर झाले. मला वाटलं, आपण तयार झालो. मनातल्या मनात पुढच्या वर्षीच्या शर्यतीत भागसुद्धा घेऊन टाकला. खुणा सगळ्या समोर होत्या. कानाशी वाऱ्याचा आवाज नव्हता. रस्त्याकडेचं गवत सगळं मी जात होतो त्याच दिशेला वाकलेलं होतं. ट्रक गेला की धूळ माझ्या सोबतीने पुढे सरकायची. मी हे सगळं पाहिलं आणि ‘काय छान शांत सकाळ आहे’ असं म्हणालो. मग सायकल वळवली, तर कुणीतरी छातीवर तळहात टेकवून मला मागे रेटतंय असं वाटायला लागलं. तेच तीस किलोमीटर यायला तीन तास लागले.

याचं गणित सोपं आहे, पण मनाला पटत नाही. जाताना ताशी वीस, येताना ताशी दहा, म्हणून सरासरी पंधरा असं आपण म्हणतो. तसं नाही. साठ किलोमीटर, साडेचार तास. सरासरी भरते सव्वातेराच्या जराशी वर. वारा जाताना जेवढं देतो त्याहून जास्त येताना वसूल करतो, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, तुम्ही ताशी पंधराने चाललाय आणि पाठीमागून वाराही ताशी पंधरानेच वाहतोय. तुमच्यापुरती हवा स्थिर झाली, तिचा विरोध शून्य. आता वळा आणि तोच ताशी पंधराचा वेग टिकवायला बघा. अंगावर येणारी हवा ताशी तीसची. वारा पडलेला असताना जेवढा विरोध झाला असता त्याच्या चौपट. वेग दुप्पट वाटतो, विरोध चौपट होतो. एकोणिसाव्या वर्षी हे मला परीक्षेत लिहिता येत होतं, रस्त्यावर आठवलं नाही.

तेव्हा साधा नियम: निघताना वारा तोंडावर घ्या. पहिला अर्धा कष्टाचा झाला तरी चालेल, तेव्हा पाय ताजे असतात. वारा कुठून आहे ते कळत नसेल तर गवत बघा, धूर बघा, वाळत घातलेले कपडे बघा. वाऱ्याला सवयीही असतात. समुद्रकाठी उन्हाळ्यात पहाटे वारा बहुतेक जमिनीवरून समुद्राकडे हलका वाहतो, आणि जमीन तापली की दुपारी समुद्राकडून जमिनीवर येतो. म्हणजे तुम्ही आतल्या बाजूला राहत असाल, सकाळी समुद्रावर गेलात आणि दुपारनंतर परतलात, तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा पाठीशी. आणि राहणं समुद्रकाठी, फेरी आतल्या बाजूला, असं असेल तर? बरोबर, हसताय. दोन्ही वेळा तोंडावर. डोंगराच्या खोऱ्यातही असंच आहे. दिवसा वारा खोऱ्यातून वर चढतो, म्हणून सकाळी चढून गेलेला माणूस दुपारी खाली येताना उतार असूनही पेडल मारत असतो.

चढ-उतार डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. फेरीची सुरुवात लांबलचक उताराने होत असेल तर त्या दिवशी दुसरा रस्ता निवडा, एवढंच.

उन्हाचं थोडं सविस्तर. सायकलवर उन्हाळा जाणवत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. चालत्या सायकलवर हवा लागते, घाम येतो तसा वाळतो, कपडे कोरडे राहतात, आणि माणूस म्हणतो, मला घामच येत नाही. थांबला की दोन मिनिटांत पाणी सुटल्यासारखा निथळतो. तो घाम आत्ता आलेला नसतो, तासभर येतच होता. सगळ्यात वाईट म्हणजे परतीचा चढ: वेग कमी म्हणून हवा नाही, मेहनत मात्र सगळ्यात जास्त.

इथे एका फ्रेंच म्हाताऱ्याची आठवण काढतो. पॉल द विवी, जन्म १८५३, मृत्यू १९३०. सेंत-एत्येनचा. ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहायचा. सायकलला अनेक गिअर असावेत म्हणून हा माणूस जन्मभर भांडला. त्या काळचे शर्यतवाले गिअरला बायाबापड्यांची आणि म्हाताऱ्यांची चैन समजायचे. तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, हा वारल्यावर सात वर्षांनी. त्याने सायकलवरून भटकणाऱ्यांसाठी सात नियम सांगितले होते. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. अन्नावरची वासना आणि झोप उडेल इतकं दमू नका. ताकद पणाला लावू नका, पहिल्या काही तासांत तर नकोच. आणि शेवटचा नियम, निव्वळ ऐट म्हणून पेडल मारू नका. आहार-पाण्याचे नियम लोक पाळतात. शेवटचा पाळणारा मला अजून भेटायचाय. मीही पाळत नाही. मागून कुणी ओलांडून गेलं की माझे पाय माझं ऐकत नाहीत.

पाण्यासाठी मी एक नियम उचललाय, तो पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांचा. ते टाकीतल्या हवेचे तीन भाग करतात: एक आत जायला, एक बाहेर यायला, एक अडचणीसाठी. एक तृतीयांश हवा संपली की असतील तिथून परत फिरायचं. पाणी एक तृतीयांश संपलं की मीही सायकल वळवतो. तळं दिसत असलं तरी. बरोबरचे लोक चिडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

सीटबद्दल एकच. वर्षभर कोपऱ्यात पडलेली सायकल काढली की लोक हवा भरतात (रबरातून हवा आपोआप झिरपत असते, सायकल न चालवताही चाक बसतं) आणि निघतात. सीट गेल्या वर्षी घरातल्या दुसऱ्याच कुणीतरी खाली केलेली असते. जाताना काही वाटत नाही. परतीला गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागतं. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. झालं काम.

पंक्चर. ते सगळ्यांना काढता येतं असं सगळे म्हणतात. माझी एक फजिती सांगतो. ट्यूब बाहेर काढली, भोक शोधलं, घासलं, सोल्यूशन लावलं, ते वाळेपर्यंत धीर धरला, ठिगळ दाबलं. झकास. ट्यूब घातली, हवा भरली, दोनशे पावलं गेलो आणि चाक पुन्हा बसलं. काटा टायरमध्येच होता. तेव्हापासून ट्यूब घालण्याआधी मी टायरच्या आतून बोट फिरवतो, हळूच, कारण तो काटा बोटालाही लागतो. दोन वेळा फिरवतो.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची: बरोबरची माणसं.

माझा भाचा नऊ वर्षांचा होता. वीस इंची चाकांची, बिनगिअरची सायकल. आम्ही पाच जण मोठे. आम्ही काही निर्दयी नव्हतो. दर दोन-तीन किलोमीटरला झाडाखाली थांबायचो, त्याची वाट बघायचो. तो यायचा, लालबुंद, आणि तो आला की कुणीतरी म्हणायचं, ‘आला बरं का, चला.’ पाचव्या-सहाव्या थांब्यावर त्याने सायकल आडवी टाकली आणि म्हणाला, ‘मामा, तुम्ही माझ्यासाठी थांबता, पण मला थांबायलाच मिळत नाही.’

मी गप्प. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. आम्हा पाच जणांना पाच-पाच मिनिटांची विश्रांती मिळत होती. त्याला एकही मिनिट नाही. सगळ्यात जास्त दमणाऱ्याला सगळ्यात कमी आराम, आणि वर आमची समजूत अशी की आम्ही त्याला सांभाळून घेतोय. शिवाय त्याची गिअर नसलेली छोटी सायकल आमच्याइतकं अंतर कापायला जास्त पेडल मारायला लावत होती. त्या दिवशी उरलेला सगळा रस्ता त्याला पुढे घातलं. तो जाईल त्या वेगाने सगळे, तो थांबेल तिथे सगळे. आमच्यातला एक जण, जो रोज सायकल चालवतो, अर्ध्या तासाने माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाला, ‘या रस्त्याला उजवीकडे ओढा आहे, हे मला माहीतच नव्हतं.’ तो त्या रस्त्याने तीन वर्षं जात होता.

पुढच्या सुट्टीत भाचा दहाचा झाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने सगळ्यांच्या बाटल्या पुढ्यात ओळीने मांडल्या, फूटपट्टी आणली, आणि प्रत्येक बाटलीला वरून एक तृतीयांशावर रबरबँड चढवलं. माझ्या बाटलीचं थोडं वर बसलंय, असं मी त्याला दाखवलं.

‘मुद्दाम बसवलंय,’ तो म्हणाला. ‘मामा, तू उशिरा वळतोस.’