बोटांवर पाठ केलेले नृत्य

नमस्कार, श्रोतेहो.

नाचणे थांबत आले की नामवंत कलावंताच्या हाती एखाद्या संस्थेची सूत्रे सोपवायची, ही बॅलेच्या जगातली रुळलेली वाट आहे. मिखाईल बारिश्निकोव १९८० मध्ये अमेरिकन बॅले थिएटरचे कलासंचालक झाले, तर रुडॉल्फ नुरेयेव १९८३ मध्ये पॅरिस ऑपेराच्या बॅलेचे. क्यूबाच्या आलिसिया आलोन्सो यांनी मात्र नाचणे थांबण्याची वाट पाहिलीच नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९४८ मध्ये, त्यांनी हवाना येथे स्वतःची संस्था उभी केली आणि पुढे कित्येक दशके त्या एकाच वेळी तिच्या प्रमुख नर्तिकाही राहिल्या आणि सूत्रधारही.

पण त्याआधीची एक हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१९४१ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये नाव होऊ लागलेले असतानाच, त्यांच्या डोळ्यातला पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाल्या, एक नव्हे, तीन झाल्या, आणि शेवटी हवानामध्ये वर्षभर उताणे पडून राहण्याचे फर्मान निघाले. डोळ्यांवर पट्टी, आणि मान हलवायची नाही, मोठ्याने हसायचे नाही, रडायचे नाही, अगदी घास जोर लावून चावायचासुद्धा नाही. घरात लहानगी मुलगी होती, पण तिला उचलून घेण्याची सोय नव्हती. अशा अवस्थेत पती फर्नांदो रोज त्यांच्या उशाशी बसत आणि ‘जिझेल’ हे नृत्यनाट्य त्यांना बोटांनी शिकवीत. बोटे म्हणजे पाय. दोन बोटे पावले टाकीत, गिरकी घेत, उडी मारून हलकेच खाली येत, आणि अंधारात पडलेली ती तरुणी त्या बोटांमागून मनातल्या मनात संपूर्ण भूमिका नाचत असे. फसवणुकीने वेडी होऊन मरणारी खेड्यातली मुलगी आणि दुसऱ्या अंकातला तिचा तरंगता आत्मा, हे सारे त्यांनी एकही पाऊल न उचलता पाठ केले.

पुढे म्हणे एका चक्रीवादळात दार फुटून काचांचा वर्षाव त्यांच्या अंगावर झाला, पण डोळे बचावले, आणि एवढे सोसणाऱ्या बाईला नाचण्याने काय होणार, असे म्हणत डॉक्टरांनी बंदी उठवली. त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि २ नोव्हेंबर १९४३ रोजी, ती भूमिका करणाऱ्या प्रख्यात नर्तिका अलिसिया मार्कोवा आजारी पडल्याने, त्यांना ‘जिझेल’ची भूमिका अचानक करावी लागली. भूमिका तयार होती. बोटांवर तयार झालेली होती.

आरशासमोर तासन्‌तास उभे राहून नृत्य येते, या समजुतीवर माझा फारसा विश्वास नाही. आरसा फार तर पोक दाखवतो, मनातला ठेका त्याला दिसत नाही.

दृष्टी पूर्णपणे परत आली नाही ती नाहीच. बाजूचे दिसत नसल्यामुळे रंगमंचावर ठराविक जागी रंगीत दिवे लावले जात आणि त्यांच्या खुणेने त्या आपली जागा ओळखत. जोडीदाराला मात्र ठरल्या जागेपासून तसूभरही हलण्याची मुभा नसे.

संस्थेचे दिवस सुरुवातीला ओढाताणीचेच होते. १९५६ मध्ये क्यूबाचे हुकूमशहा बातिस्ता यांच्या सरकारने अनुदान बंद केले. १९५९ च्या क्रांतीनंतर मात्र फिडेल कॅस्ट्रोंच्या नव्या राजवटीने भरघोस पैसा दिला, बॅलेचे शिक्षण मोफत झाले, आणि ज्यांच्या घरात कोणी बॅले पाहिलाही नव्हता अशा घरांतली मुले निवडून आणली गेली. कार्लोस आकोस्ता हा हवानाच्या गरीब वस्तीतला ट्रकचालकाचा मुलगा त्यांपैकीच एक. २०२० मध्ये तो बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक झाला.

या कारकिर्दीची दुसरी बाजूही आहे. सत्तरी ओलांडल्यावरही त्या रंगमंचावर येत राहिल्या, आणि संस्थेची खुर्ची तर त्यांनी सोडलीच नाही. अनेक चांगले नर्तक परदेश दौऱ्यांतून परतले नाहीत आणि कार्यक्रमांची यादी वर्षानुवर्षे तीच राहिली. डोळ्यांवाचून नाचता येते, हे त्यांनी दाखवले, पण आपल्यावाचून संस्था चालेल, हे मान्य करायला त्यांनी फार उशीर केला, असे मला वाटते. विएंगसाय वाल्देस या नर्तिकेची उपसंचालक म्हणून नेमणूक २०१९ च्या जानेवारीत झाली, तेव्हा आलिसिया ९८ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले, त्या दिवसापर्यंत संचालक म्हणून नाव त्यांचेच होते.