जुन्या कळपात नव्या तलंगा

श्रोतेहो, आपल्या इंदुरात रामबागेसारख्या जुन्या वस्तीत परसदार आता थोड्याच घरांना उरले आहे. पण ज्यांनी ते राखले आणि त्यात पाच-सहा कोंबड्या पाळल्या, त्यांच्यापुढे दोन-तीन वर्षांनी एक प्रश्न उभा राहतोच. जुन्या कोंबड्यांची अंडी कमी होतात, तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणाव्या लागतात, आणि त्या आणल्या की खुराड्यात रण माजते.

कोणी कोणाला टोचायचे याची कोंबड्यांमध्ये ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी ती बारकाईने पाहून १९२०च्या दशकाच्या आरंभी शास्त्रज्ञांपुढे मांडली. दाण्यापाशी आधी कोण, रात्री काठीवर कोणती जागा कोणाची, हे एकदा ठरले की रोजची भांडणे मिटतात. कोंबडी आपल्या सोबतिणींना मुख्यतः डोके आणि तुरा यांवरून ओळखते. अनोळखी तुरा दिसला की तिच्या लेखी तो पक्षी परका, आणि मग सगळी उतरंड पुन्हा नव्याने लावावी लागते.

पहिल्या खेपेस मी झाबुआकडच्या कडकनाथाच्या दोन तलंगा, म्हणजे ज्या जातीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तिच्या, आणल्या आणि सकाळीच थेट कळपात सोडल्या. संध्याकाळी त्यांतली एक भिंतीच्या कोपऱ्यात डोके खुपसून उभी होती. मानेवरची पिसे गेलेली, कातडी सोललेली. तिला उचलले तेव्हा गळ्याखालची अन्नपिशवी बोटांना रिकामी लागली. दिवसभरात तिला दाणा टिपू दिलाच नव्हता. जखम दुरूनही दिसत होती, उपास मात्र हातात घेतल्यावरच कळला. तेव्हापासून नव्या तलंगांची अन्नपिशवी मी रोज तिन्हीसांजेला चाचपतो, आणि आपणही चाचपावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आणल्यावर तीन ते चार आठवडे तलंगा परसाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी वेगळ्या ठेवाव्यात. राणीखेत रोगाची लस दिली आहे का, हे विकत घेतानाच विचारावे. रोगाचा धोका दोन्हीकडून असतो: जुन्या कोंबड्यांना रक्ती हगवणीची सवय झालेली असते, पण त्यांच्या विष्ठेतून ती कोवळ्या पक्ष्यांना लागू शकते.

त्यानंतर निदान आठवडाभर मध्ये जाळी असावी. एकमेकींना पाहता यावे, पण चोच पोहोचू नये. लोक ही पायरी गाळतात आणि रात्री अंधारात तलंगा काठीवर बसवून मोकळे होतात. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून रात्र शांत जाते हे खरे. पण उजाडताच तुरे दिसतात आणि आपण झोपेत असताना भांडण सुरू होते. रात्रीचा उपाय करायचाच असेल, तर जाळीच्या आठवड्यानंतर करावा आणि पहाटे स्वतः तिथे हजर राहावे.

एकटी तलंग कधीही सोडू नये. दोन-तीन असल्या म्हणजे मार वाटला जातो. त्या अंगाने जुन्यांच्या जवळपास भरलेल्या असाव्यात. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, एकमेकांपासून लांब ठेवावीत, आणि आडोशाला एखादी फळी तिरपी टेकवावी, कारण पळणाऱ्या तलंगेला नजरेआड होता आले पाहिजे. खुडूक बसलेली कोंबडी विशेष चिडखोर असते, तिच्याजवळ त्यांना जाऊ देऊ नये. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असते आणि त्याने तलंगांच्या मूत्रपिंडांना इजा होते. म्हणून सर्वांना वाढीच्या पक्ष्यांचे खाद्य द्यावे आणि जुन्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

एखादी टोच, थोडा पाठलाग चालू द्यावा. मध्ये पडल्याने उतरंड लागणे फक्त लांबते. रक्त दिसले मात्र, तर त्याच क्षणी तो पक्षी बाजूला काढावा, कारण लाल रंगाकडे सगळ्याच चोची वळतात. ज्या संध्याकाळी तलंगा कोणी न उचलता आपणहून काठीवर चढतील आणि जुन्या कोंबड्यांच्या अंगाला अंग लावून बसतील, त्या संध्याकाळी जाळीचे काम संपले असे समजावे. पण ती टाकून देऊ नये, पुढे जखमी पक्षी वेगळा ठेवायला तीच लागते.