24 नॉट की 18?

(क्रेन, धक्का, डबे)

क्रेनचा हा हात बघा. डबा, म्हणजे कंटेनर, उचलतो, जहाजावर ठेवतो, पुढच्यासाठी परत येतो. 1956च्या एप्रिलमध्ये न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालेल्या 'आयडियल एक्स' या जहाजावर असे 58 डबे होते. त्याआधी पोती, पेट्या, पिंपं माणसं एकेक करून चढवायची आणि टनामागे सहा डॉलरच्या आसपास खर्च यायचा. डब्यांमुळे तो सुमारे 16 सेंटांवर आला. कच्चा माल एका खंडात, जोडणी दुसऱ्या, विक्री तिसऱ्या, हे जमलं ते या स्वस्ताईमुळे.

(इंजिनखोली. आवाज तसाच राहू द्यावा, मग निवेदन)

जहाजाला वेगाने पळवायचं तर इंजिनाची शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढवावी लागते. उलट्या बाजूनेही हाच हिशेब लागू होतो. 24 नॉटचं जहाज (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) 18 नॉटवर आणलं, तर वेळ जास्त लागूनही तेवढंच अंतर कापायला सुमारे 44 टक्के इंधन कमी लागतं. वेग घटला चौथ्या हिश्शाने, इंधन जवळपास निम्म्यावर. 2008च्या मंदीनंतर जहाज कंपन्यांनी हेच केलं. पर्यावरणाचा कळवळा वगैरे नव्हता. इंधन महाग झालं होतं आणि जहाजं गरजेपेक्षा जास्त होती. धूर मात्र कमी झालाच.

मग गाडी अडते कुठे? 12 दिवसांचा प्रवास 16 दिवसांवर जातो. दर आठवड्याची फेरी टिकवायची तर त्याच मार्गावर जास्त जहाजं घालावी लागतात. समुद्रावरच्या मालात पैसा चार दिवस जास्त अडकून पडतो आणि उशिराच्या धास्तीने गोदामातला राखीव साठा वाढतो. खर्च खरा आहे, नाकारायचं कारण नाही. औषधं, नाशवंत माल यांची गोष्टही वेगळी. पण या डब्यांमधल्या खुर्च्यांना, फरशांना, नळाच्या तोट्यांना चार दिवसांनी काय फरक पडतो?

(ट्रकचं मागचं दार उघडतं)

आत बघा. निम्मा ट्रक मोकळा. हा माल 'आजच्या आज' हवा होता, म्हणून भरती पूर्ण व्हायची वाट न बघता गाडी सोडली. डिझेल मात्र भरलेल्या गाडीच्या निम्म्याहून बरंच जास्त जळणार, कारण ट्रकचं स्वतःचं वजनही ओढावं लागतंच.

एका वेळी किती माल मागवावा, याचं एक जुनं सूत्र आहे. फोर्ड हॅरिस या अभियंत्याने ते 1913 साली मांडलं. मागणी नोंदवून माल आणण्याचा खर्च एकीकडे, साठा सांभाळण्याचा दुसरीकडे. दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी असेल तेवढा माल मागवायचा. बहुतेक जण तो आकडा काढतात आणि थांबतात. गंमत पुढे आहे. त्या आकड्याच्या आसपास खर्चाची रेषा जवळजवळ आडवी असते. दीडपट मागवलं, तर खर्चाची ही बेरीज फक्त 8 टक्क्यांच्या आसपास वाढते आणि फेऱ्या एक-तृतीयांशाने कमी होतात. शिवाय मालाची मूळ किंमत या बेरजेत नाहीच. म्हणजे एकूण खर्चात ही वाढ आणखी किरकोळ, आणि गाडी भरून निघते.

(आकाशात विमान)

विमानाचं एवढंच दृश्य आपल्याकडे आहे. एक टन माल एक किलोमीटर नेताना मालवाहू विमान कंटेनर जहाजाच्या चाळीस-पन्नास पट कार्बन सोडतं, कधी त्याहूनही जास्त. नियोजनात चूक झाली की शेवटच्या क्षणी माल इकडे वळतो.

(नकाशा)

2023च्या अखेरीस लाल समुद्रातून जाणं धोक्याचं झालं आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-एक दिवसांनी लांबला. तो वेळ भरून काढायला कित्येक जहाजांनी वेग वाढवला. वरचं गणित इथे उलटं फिरलं.

2018 साली जगातल्या मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे 3 टक्के जहाजांचे होते. बंदरालगतच्या वस्त्यांना धूर लागतो तो वेगळा.

(नियोजकाच्या संगणकाचा पडदा)

या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक पूर्ण आराखडा: कारखाना कुठे, गोदामं किती, कुठला टप्पा जहाजाने, कुठला रेल्वेने. आडव्या अक्षावर कार्बन, उभ्यावर खर्च. सगळ्यात स्वस्त ठिपक्यापासून डावीकडे, कमी कार्बनकडे निघालं की सुरुवातीला खर्च फारसा चढत नाही. बऱ्याच पुढे गेल्यावर रेषा एकदम उभी होते. कार्बनवर मर्यादा घालून सर्वांत कमी खर्च शोध, असं सांगितलं की संगणक हे ठिपके एकेक करून काढतो. एक गोष्ट त्याला आधीच ठरवून दिलेली असते: माल किती दिवसांत पोचवायचा. हा रकाना विक्री विभाग भरतो. दिवस वाढवून बघितले, तर अख्खी रेषाच खाली सरकू शकते, पण तो रकाना सहसा कुणी उघडत नाही.

2024 पासून युरोपीय संघाने मोठ्या जहाजांना उत्सर्जनाचे पैसे मोजायला लावले आहेत. पहिल्या वर्षाच्या उत्सर्जनापैकी 40 टक्क्यांचे, दुसऱ्या वर्षाच्या 70 आणि 2026 पासून पूर्ण 100 टक्क्यांचे. नियोजकाच्या पडद्यावर त्यासाठी खर्चाची एक नवी ओळ आली आहे, भाडं आणि इंधन यांच्या खाली.