मोडीची भांडी आणि प्रयोगशाळा

इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठावर तिबेरियास नावाचं जुनं शहर आहे. तिथे १९९८ साली यिझहार हिर्शफेल्ड यांच्या तुकडीला जमिनीखाली पुरलेले तीन मोठे रांजण सापडले. आत तांब्यापितळेच्या वस्तू खच्चून भरलेल्या होत्या, जवळजवळ हजार नग. समईसारखी सुट्या भागांची उंच दीपदानं, वाडगे, झाऱ्या, आणि त्यांच्या जोडीला तुटके कान, निखळलेले पाय, कापलेले पत्रे. काळ अकराव्या शतकाचा, म्हणजे फातिमी या इजिप्तच्या खलिफांच्या अंमलाचा. या ढिगात बायझंटाइन साम्राज्याची तांब्याची नाणीही निघाली. एका बाजूला येशूची प्रतिमा असलेली, राजाचं नाव नसलेली ही नाणी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाडली जात होती. ती तिबेरियासमध्ये नाणी म्हणून चालत होती का, यावर वाद घालता येईल. पण मोडीच्या रांजणात सापडलेलं नाणं हे माझ्या मते धातूच. कारागिराने ते वितळवण्यासाठीच ठेवलं होतं. ते राहून गेलं आणि आपलं फावलं.

इस्लामी धातुकाम म्हटलं की संग्रहालयात आपण थांबतो ते चांदीच्या जडावकामापाशी. मोसुलच्या शुजा इब्न मना या कारागिराने १२३२ साली केलेली झारी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण अशी वस्तू टिकते ती लोक जपतात म्हणून. रोजच्या वापरातलं पातेलं कोणी जपत नाही. ते फुटलं की वजनावर जातं आणि भट्टीत परत नवं होतं. म्हणून साध्या घरांतलं तांबंपितळ आपल्या हाती येतं ते अपघातानेच: कोणी पुरून ठेवलं आणि परत आलं नाही, नाहीतर घर कोसळलं, नाहीतर वस्तू इतकी छोटी की हरवली तरी कोणी शोधली नाही. इराणमधल्या निशापूरला मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९३५ ते १९४० आणि पुन्हा १९४७ साली उत्खनन केलं. तिथल्या धातूच्या वस्तूंचा ग्रंथ जेम्स ॲलन यांनी १९८२ साली काढला. त्याची पानं उलटली की पट्ट्याची बक्कलं, कुलपं, किल्ल्या, सुरमा लावायच्या काड्या असल्याच गोष्टी समोर येतात. मला तो ग्रंथ जडावकामाच्या कुठल्याही चकचकीत कॅटलॉगपेक्षा जास्त आवडतो.

आता या वस्तूंचं प्रयोगशाळेत काय करतात? सगळ्यात सोपं म्हणजे एक्स-रे फ्लुओरेसन्स, म्हणजे क्ष-किरण पाडून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणं. हातात मावणारं यंत्र वस्तूला टेकवायचं, बटण दाबायचं, अर्ध्या मिनिटात पडद्यावर टक्केवारी. वस्तूला ओरखडासुद्धा उठत नाही, म्हणून संग्रहालयवाले खूश. गोम अशी की हे यंत्र फक्त कातडी बघतं, मिलिमीटरचा जेमतेम काही शतांश भाग. आणि जमिनीत आठशे वर्षं पडलेल्या धातूची कातडी खोटं बोलते. पितळेतलं जस्त पृष्ठभागावरून निघून जातं, कथील मागे राहतं. आत चांगलं पितळ असलेली वस्तू वरून भलतीच काहीतरी वाटते. त्यात भांड्याला आतून कल्हई असेल तर विचारूच नका. मामलुक काळातल्या, म्हणजे इजिप्त-सीरियातल्या तेराव्या ते सोळाव्या शतकांतल्या, तांब्याच्या भांड्यांना कल्हई असायची. असं भांडं आतून मोजलं की भरपूर कथील दिसतं आणि नवखा संशोधक बेधडक ‘कांस्य’, म्हणजे तांबं-कथिलाचा मिश्रधातू, असं लिहून मोकळा होतो. छापील तक्त्यांमध्ये अशी किती ‘कांस्यं’ असतील, देव जाणे.

म्हणून भोक पाडायला पर्याय नाही. तळाच्या कडेला किंवा तुटलेल्या ठिकाणी, जिथे प्रदर्शनात नजर जाणार नाही तिथे, एक मिलिमीटरचा ड्रिल लावायचा. सुरुवातीला हिरवट-काळी पूड येते, ती फेकून द्यायची. मग चकचकीत कीस यायला लागतो, तो घ्यायचा. चिमूटभरसुद्धा लागत नाही. तो आम्लात विरघळवून प्लाझ्माच्या ज्योतीत फवारला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतं आणि दशलक्षात काही भाग इतकं बारीक प्रमाणही मोजता येतं. मॅथ्यू पाँटिंग यांनी तिबेरियास, सीझेरिया आणि स्पेनमधल्या देनिया इथल्या फातिमी काळातल्या वस्तूंचं याच धर्तीवर पृथक्करण केलं. उत्खननातल्या, जागा ठाऊक असलेल्या वस्तूंवर असं काम फार थोडं झालंय. बाकी पुष्कळसं काम झालं ते बाजारातून आलेल्या वस्तूंवर, ज्यांच्यावर ‘खुरासान, बारावं शतक’ ही चिठ्ठी व्यापाऱ्याने चिकटवलेली असते.

या आकड्यांतून सगळ्यात स्वच्छ काय दिसतं, तर वस्तू ठोकून केली की ओतून. पॉल क्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये इस्लामी पितळेची बरीच पृथक्करणं केली. ठोकीव पत्र्याच्या भांड्यात साधारण वीस टक्के जस्त आणि शिसं अगदी नगण्य. ओतीव वस्तूत मात्र शिसं ठळकपणे घातलेलं. कारण सरळ आहे. घट्ट झालेल्या तांब्यात शिसं विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब धातूच्या कणांमध्ये अडकून राहतात. ओतताना ते फायद्याचं, रस पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. पण तोच धातू हातोड्याखाली घेतला की या थेंबांपाशी चिरतो. पॉलिश करून, धातूला हलकं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडचा हात फिरवून तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरा. ओतीव असेल तर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते. ठोकून पुन्हा तापवलेला असेल तर बहुकोनी कण दिसतात आणि त्यांच्यामधून गेलेल्या सरळ समांतर पट्ट्या. तापवलं किती वेळा ते नेमकं सांगता येत नाही, पण शेवटचा हात हातोड्याचा होता की आगीचा, हे कळतं.

शिसं तांब्यापेक्षा स्वस्त आणि जड, आणि भांडी विकली जात वजनावर. तेव्हा जास्त शिसं हे प्रत्येक वेळी कारागिरीचंच लक्षण समजायचं का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

कथील जास्त घातलेलं कासंही इराणकडे होत होतं, साधारण वीस टक्के कथिलाचं. त्याचं तंत्र कासाराला माहीत असतं. लालबुंद असतानाच ठोकायचं आणि गरम असतानाच पाण्यात बुडवायचं. हळूहळू थंड होऊ दिलं तर ते पडल्यावर काचेसारखं फुटतं. इराणी वाडग्यांच्या छेदात सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखी रचना दिसते, ती या पाण्यात बुडवण्याची खूण. हा पुरावा पृष्ठभागाच्या मोजणीत कधीच मिळत नाही.

पितळेची कथा जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे लेखी पुरावा आणि जमिनीतला पुरावा दोन्ही हाती आहेत. जस्त ९०७ अंशाला उकळतं. खनिज कोळशाबरोबर तापवलं तर धातू होतो तोच वाफेच्या रूपात, आणि धुराड्यातून उडून जातो. त्यामुळे इराणच्या कारागिरांनी जस्त धातू म्हणून वेगळं काढायचं सोडून त्याची भस्मासारखी पांढरी पूड, तुतिया, गोळा केली. दहाव्या शतकातला भूगोलकार मुकद्दसी लिहितो की किरमान भागात मातीच्या बोटांवर तुतिया धरतात, आणि त्यासाठीच्या लांबलचक भट्ट्या त्याने पाहिल्या होत्या. किरमानच्या परिसरात अशा मातीच्या कांड्यांचे ढीगच्या ढीग आजही पडलेले आहेत. मार्को पोलोनेही तिथल्या तुतियाच्या भट्टीचं वर्णन केलंय, फक्त त्याच्याकडे मातीच्या कांड्यांऐवजी लोखंडी जाळी आहे. ही पूड, कोळसा आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत तापवले की जस्ताची वाफ तांब्यात मुरते. या पद्धतीत जस्त साधारण अठ्ठावीस-तीस टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. धातुरूपातलं जस्त मोठ्या प्रमाणावर निघू लागलं ते आपल्याकडे, राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला. म्हणून ‘सेल्जुक’, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या इराणच्या राजवटीचा, म्हणून विकायला आणलेल्या वाडग्यात सदतीस टक्के जस्त निघालं, तर वाडग्याचं कौतुक थांबवून विकणाऱ्याकडे बघावं.

आता मोडीकडे येतो. मोड देऊन नवं घ्यायचा व्यवहार इथे कोणाला समजावून सांगायला नको. पितळ दर वेळी वितळवलं की थोडं जस्त जळतं, पांढरा धूर होऊन जातं. आणि मोडीत दुसऱ्या भांड्याचं कथील, डागाचं शिसं येऊन मिसळतं. म्हणून जस्त उतरलेलं आणि कथील-शिसं थोडं थोडं चढलेलं पितळ दिसलं की ते अनेकदा आटलेलं आहे असं समजायला हरकत नाही. गंमत अशी की बारावं शतक, सीरिया, बाजाराच्या देखरेख अधिकाऱ्यांसाठी शैझरीने लिहिलेली मार्गदर्शिका, त्यात तांबटांना स्पष्ट ताकीद आहे: मोडीचं तांबं आणि कोरं तांबं एकत्र करू नये, वेगवेगळं ओतावं. असा नियम लिहावा लागतो तो सर्रास मोडला जातो तेव्हाच. चार धातूंची सरमिसळ असलेले आकडे तेच सांगतात.

दर वेळी श्रोत्यांतून पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, हे तांबं कुठल्या खाणीचं? शिशाची चार स्थिर समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, असतात. त्यांची गुणोत्तरं खाणीगणिक बदलतात, त्यावरून माग काढतात. पण ओतताना शिसं मुद्दाम घातलं असेल तर तो माग शिशाच्या खाणीचा लागतो, तांब्याच्या नाही. आणि मोडीत पाच ठिकाणचं शिसं मिसळलं असेल तर गुणोत्तर मधेच कुठेतरी येऊन बसतं, जिथे खाणच नसते. नकाशावर बाण काढायची हौस असलेल्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

हे नुसतं तर्काने बोलत नाहीये. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदपत्रांत, म्हणजे गेनिझात, अब्राहम बेन यिजू या ट्युनिशियातल्या महदियाच्या यहुदी व्यापाऱ्याची पत्रं आहेत. बाराव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत तो मंगळूरच्या बाजूला राहिला आणि तिथे त्याचा धातूच्या भांड्यांचा कारखाना होता, कारागीर भारतीय. अदनचे व्यापारी त्याला तांबं, कथील आणि फुटकी भांडी जहाजाने पाठवत, सोबत मापं आणि सूचना: याची झारी कर, त्याचं तस्त कर. तयार माल उलट अदनला. त्याच गेनिझातल्या वधूंच्या चीजवस्तूंच्या याद्यांमध्ये तांब्याच्या भांड्यांचा वेगळा विभाग असतो, किमतींसकट. आता समजा, यातलं एखादं तस्त फुस्तातच्या, म्हणजे जुन्या कैरोच्या, उत्खननात निघालं. घाट अरबी, हात मलबारचा, धातू येमेनच्या कुठल्या घरातल्या फुटक्या हंड्याचा, आणि त्या हंड्यात त्याआधीची किती भांडी आटली होती कोण सांगणार? कॅटलॉगच्या ‘मूळ स्थान’ या रकान्यात काय भरायचं?

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, अखंड सुंदर भांड्यामागे लागू नका, ते कोणी कापूही देणार नाही. पन्नास तुटके कान, ओतताना साच्याबाहेर सांडलेले थेंब, कापून उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या मागा. त्यांच्यातून तुकडा घ्यायला परवानगी मिळते, आणि कारागिराच्या हाताशी त्या दिवशी कोणता धातू होता ते त्यातच सापडतं. स्लाइड्स संपल्या. कल्हईबद्दल मघाशी कोणीतरी हात वर केला होता, तिथून सुरुवात करू.