बटण उलटं करून बघा

मघाशी माझी ओळख करून देताना ‘खजिना शोधणारे’ असं म्हटलं गेलं. खजिना मला कधी सापडला नाही. सापडली ती बटणं, आणि त्यांच्याविषयी बोलायला मिळतंय याचा मला फार आनंद आहे.

मी इंग्लंडात केंटमध्ये राहतो. शेतमालकाची परवानगी घेऊन, पीक निघालं की मेटल डिटेक्टर घेऊन शेतात चालतो. इथे कुणी गडावर यंत्र नेण्याचा विचार करत असेल तर कृपा करून नेऊ नका. संरक्षित गडावर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि गडाचं नुकसान होतं ते वेगळंच.

पहिल्या वर्षी मला रुपयाएवढं एक चपटं बटण मिळालं. हिरवट, मातीनं भरलेलं. घरी आणलं आणि आई देवाची तांब्या-पितळेची भांडी घासायची तसं चिंच लावून घासलं. हिरवट थर निघाला तशी खाली पिवळी चमक दिसली. मला वाटलं, पितळ उजळतंय. आणखी जोरात घासलं. पाच मिनिटांत तांबूस पत्रा हातात राहिला. ती चमक सोन्याच्या मुलाम्याची होती. दोनशे वर्षं मातीत टिकलेलं सोनं मी चिंचेच्या कोळात धुऊन टाकलं. आजही ते आठवलं की पोटात कालवतं. तेव्हा घासू नका. साधं पाणी, मऊ ब्रश, बस्स.

बटण उलटं केलं तर पाठीवर कडीभोवती गोल अक्षरं होती: ‘ट्रेबल गिल्ट’. म्हणजे तिहेरी मुलामा. हलका मुलामा देऊन फसवणूक होऊ लागली म्हणून १७९६ मध्ये तिथे कायदा झाला. असे शब्द पाठीवर दिसले की बटण साधारण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. पुढची बाजू मी घालवली, तरी पाठीनं काळ सांगितला!

माझी एक तक्रार आहे. तिथली सरकारी नोंद-योजना मुख्यतः तीनशे वर्षांहून जुन्या वस्तू नोंदवते. त्यामुळे बहुतेक बटणं नोंदीबाहेर राहतात आणि डब्यात पडतात. आणि लष्करी बटण मिळालं की लगेच ‘इथे लढाई झाली’! अहो, केंटच्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या, मळ्यांत लोकरीच्या चिंध्या खत म्हणून टाकायचे. जुने कोट फाडून शेतात गेले, बटणांसकट. जुने गणवेश मजूरही वापरायचे. बटण काळ सांगतं, घटना सांगत नाही.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, आणि काळ ओळखण्याची रीत तर राहिलीच. भराभर सांगतो. एकसंध, चपटं, करडं पांढरट बटण बहुधा अठराव्या शतकातलं. चार भोकांचं, शिंप्याचं नाव कोरलेलं पितळी बटण विजारीचं, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं. पाठीवर बटण बनवणाऱ्या पेढीचा पत्ता असेल तर सोपं. पेढी जागा बदलायची, आणि जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत ती वर्षं मिळतात. ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक १७६७ च्या हुकुमानं आला. साध्या शिपायांच्या बटणांवरून तो १८७१ पासून गेला, राजचिन्ह आलं. त्यावरचा मुकुट घुमटासारखा गोल असेल तर १९०१ ते १९५२, किंवा अगदी अलीकडचा, चार्ल्स राजाच्या काळातला. मध्ये खोलगट असेल तर दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातला.

आता हे एक. शेतातलं नाही, तिथल्या जुन्या बाजारातून घेतलेलं. आकडा आहे ११०. मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकांत १९०३ मध्ये शंभर मिळवले गेले. दहावी झाली एकशे दहावी, मराठा लाइट इन्फंट्री. १९२२ मध्ये तो क्रमांकही गेला. म्हणजे एकोणीस वर्षांत बसणारं बटण. याच पलटणीचे मराठे १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात उपाशी लढले आणि कैदेत गेले. हे त्यांच्यापैकी कुणाच्या अंगावर होतं, असं मी म्हणणार नाही.

पहिल्या रांगेपासून फिरवतो. उलटं करून बघा, आणि पुढे द्या.