लाल झालेला कॅटकॉन आणि केसाएवढी काळी रेघ

(बेळगावात गॅरेजवाले, आयटीआयची मुलं आणि काही गाडीमालक यांच्यासमोर झालेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ ठेवून संपादित.)

मंडळी, माझ्या गॅरेजात एकच तक्रार तीन तऱ्हांनी येते. खानापूरकडचा माणूस सांगतो, "अण्णा, गाडी ओढतच नाही बघा." गोकाककडचा दारातूनच म्हणतो, "पिकअप इल्ला", म्हणजे पिकअप नाही. आणि गोव्याहून चोर्ला चढून आलेला म्हणतो, "घाटात मध्येच दम गेला हो गाडीचा." तिघांचं बोट एकाच जागेवर असतं. इंजिन चालू आहे, आवाजही ठीक आहे, पण ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी पुढं सरकत नाही, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी.

अशा गाड्यांमध्ये कॅटकॉन, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोंदलेला किंवा वितळलेला पुष्कळदा सापडतो. तो सापडला की आपल्याला वाटतं काम झालं. माझं म्हणणं असं की तिथं काम निम्मंच झालेलं असतं. कॅटकॉन वितळवला कुणी, हे सापडेपर्यंत नवा बसवायचा नाही. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीसाठी आहे.

कॅटकॉनच्या पत्र्याच्या डब्यात चिनीमातीच्या जातीची एक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, अगदी बारीक भोकांची. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल तिथं जळून जातं, नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड फुटून साधा नायट्रोजन होतो. हे काम सुरू व्हायला साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसची उष्णता लागते, आणि चालत्या गाडीत तो चारशे ते सातशे-आठशेच्या दरम्यान राहतो. म्हणजे कॅटकॉन तापणं हा दोष नाही, तापल्याशिवाय तो काम करतच नाही. नऊशे-हजारच्या पुढं गेला की मौल्यवान धातूंचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि त्यांचं काम मंदावतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. चौदाशेच्या आसपास जाळीच वितळते, भोकं बुजतात आणि धुराची वाट बंद होते. धूर बाहेर पडला नाही तर नवी हवा सिलिंडरमध्ये शिरणार कुठून? गाडीचा दम जातो तो असा.

आता चौदाशे अंश येतात कुठून? मिसिंगमधून. एका सिलिंडरला ठिणगी पडली नाही की त्यातलं पेट्रोल आणि हवा जशीच्या तशी एक्झॉस्टमध्ये जाते आणि तापलेल्या जाळीवर पेट घेते. जे जळण पिस्टन ढकलायला हवं होतं, ते चुलीत घातल्यासारखं कॅटकॉनमध्ये जळतं. त्यात आणखी एक घात होतो, तो नीट समजून घ्या. न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजनही बाहेर येतो. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला तो दिसला की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं मिश्रण पातळ झालं, आणि ते सगळ्याच सिलिंडरना जास्त पेट्रोल द्यायला लागतं. आगीवर तेल पडतं ते इथं. अनेक गाड्यांत ईसीयू अशा वेळी त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद करतं, पण सगळ्याच गाड्यांत आणि दर वेळी ते होईल याच्या भरवशावर राहू नका.

एक गाडी सांगतो. पावसाळ्याच्या शेवटाला साखळीहून चोर्ला चढून आलेली. मालकांनी सांगितलं, घाट सुरू झाल्यापासून चेक लाइट लुकलुकत होता, गाडी थरथरत होती. घरची मंडळी सोबत, पाऊस, अंधार, म्हणून ते थांबले नाहीत. वर पोचेपर्यंत गाडी तिसच्या पुढं जाईना. कणकुंबीला उतरून त्यांनी खाली वाकून पाहिलं, तर डब्याचा पत्रा तांबडा दिसत होता. तिथून गाडी टोचन करून बेळगावला आणली.

दुसऱ्या दिवशी गाडी थंड होती. स्टार्ट केली, आयडल, म्हणजे जागेवरचं चालणं, अगदी स्वच्छ. स्कॅनरवर पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. उद्यमबागेच्या सपाट रस्त्यावर फिरवून आणली, एकदाही चुकली नाही. इथंच आपली पोरं फसतात. कोड पुसतात, प्लग बदलतात आणि गाडी देऊन टाकतात. मी तिसरी कॉइल, म्हणजे त्या प्लगला ठिणगीची वीज देणारी, उपसून उन्हात नेली. खालच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटाच्या आतल्या अंगाला, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी काळी रेघ होती. नख घासलं तरी निघेना. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही तिची जोडीदार रेघ, बरोबर समोरासमोर.

प्लगच्या खोबणीत पाणी साचलं होतं. ओलाव्यातून वीज रबरावरून घसरत इंजिनच्या अंगाला उतरली आणि तिनं स्वतःला कार्बनची वाट करून घेतली. सपाटीवर सिलिंडरमधला दाब कमी असतो, त्यामुळं प्लगच्या फटीतून ठिणगी सहज उडी मारते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भार आला की दाब वाढतो, उडी अवघड होते, आणि वीज ती सोपी काळी वाट धरते. म्हणून ही गाडी उद्यमबागेत बरी आणि चोर्ल्यात आजारी. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस आपल्याला ठाऊक आहे. पावसाळा सरता सरता घाटातल्या मिसिंगची तक्रार आली, तर आधी बूट उपसून उजेडात धरा. बूट बदलताना प्लगही बदला. एकावर रेघ राहिली तर ती दुसऱ्यावर पुन्हा उमटते.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चुकून शिकलोय. पुष्कळ वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एका शेतकऱ्याच्या गाडीत वितळलेला कॅटकॉन सापडला. मी तो बदलला, गाडी पळाली, मीही खूश. दोन महिन्यांत गाडी परत आली, नवी जाळीही वितळलेली. कॉइल गरम झाल्यावर मरत होती आणि मी ती फक्त थंड असताना तपासली होती. त्या मामांनी उसाच्या बिलातून पैसे भरले होते. दुसरा कॅटकॉन मी माझ्या पैशानं घातला. पण त्यांचे वाया गेलेले दिवस मला भरून देता आले नाहीत, आणि ते अजून टोचतं.

आता चोंदलंय की नाही हे कसं ओळखायचं? दम जायला कारणं पुष्कळ आहेत. फ्युएल पंपाचा दाब पडतो, एअर फिल्टर बुजतो, टायमिंग चेन घसरते, थ्रॉटल बिघडून गाडी स्वतःला आवरून धरते. पंपाची गाडी सहसा झटके देते, पेट्रोलचा दाब मोजणारा गेज लावून चढावर न्या, दाब कोसळताना दिसेल. चोंदलेली गाडी झटके देत नाही, ती गुदमरते.

धुराचा दाब मोजायचा गेज नसेल तर स्कॅनरवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघा. चावी ऑन, इंजिन बंद: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, म्हणून इथं आकडा ९२-९३ किलोपास्कलच्या आसपास येतो. पणजीत तोच १०१ च्या जवळ. पुस्तकात १०१ लिहिलंय म्हणून सेन्सर खराब ठरवू नका. (गोव्याची गाडी इथं किंचित जड वाटते ती याचमुळं, हवाच आठ-नऊ टक्के विरळ आहे.) इंजिन गरम करून आयडलला ठेवा, निरोगी गाडीत आकडा साधारण तीस-पस्तीसवर उतरतो. मग गिअर न टाकता २५०० आरपीएम धरून ठेवा. आकडा तिथंच टिकला तर वाट मोकळी आहे. हळूहळू चढत गेला, तर धूर आत तुंबतोय.

खात्री करायची तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. आयडलला एक-सव्वा पीएसआयच्या आत आणि २५०० ला तीनच्या आत असेल तर कॅटकॉनला हात लावू नका. त्याच्याही आधी डब्यावर रबरी हातोडीनं टकटक करा. आत खडे हलल्यासारखं वाजलं तर जाळी फुटलेली आहे.

तापमानाची गन सगळ्यांकडं आहे, पण चकचकीत पत्र्यावर ती खोटं सांगते, खरी उष्णता असते त्याहून कमी दाखवते. गंजलेल्या जागेवर धरा किंवा उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका मारून तिथं धरा. काम करणाऱ्या कॅटकॉनचं मागचं तोंड पुढच्यापेक्षा थोडं जास्त तापतं. फारच जास्त तापलं तर वरून कच्चं पेट्रोल येतंय. पुढं जाळ आणि मागं थंड असेल तर वाट बुजल्याचा संशय घ्या.

एका सवयीवर मला आज जोर द्यायचाय. आपल्या उस्तादांनी आपल्याला शिकवलं: इंजिन चालू ठेवायचं, एकेक प्लगची टोपी उपसायची, ज्यानं आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत ते चालून गेलं. १९९५ साली चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटकॉन लागला आणि २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. तेव्हापासून ही पद्धत घातक आहे. टोपी उपसली की ठिणगी बंद होते, पेट्रोल चालूच राहतं. तपासायचंच असेल तर कॉइल चालू ठेवा आणि इंजेक्टरचा कनेक्टर काढा. माहिती तीच मिळते आणि कच्चं पेट्रोल खाली जात नाही.

ऑइल जाळणारं इंजिन कॅटकॉनला वेगळ्या तऱ्हेनं मारतं, त्यातला फॉस्फरस जाळीवर बसतो. हेड गॅस्केट गळून कूलंट जळत असेल तरी तेच. तिथं रिंगा, वॉल्व्ह सील, गॅस्केट आधी.

आणि जाळी फोडून रिकामा डबा परत बसवायचं काम माझ्याकडं मागायला येऊ नका. गाडी पळते, हे खरं. पण कॅटकॉनच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर पी ०४२० चा, म्हणजे कॅटकॉन काम करत नसल्याचा, कोड टाकतो, पीयूसीत गाडी अडकते, आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या पोरांच्या नाकात ते विष जातं. भंगारवाला त्या जाळीला चांगला भाव देतो, त्यातल्या प्लॅटिनमसाठी. म्हणून कुणी मालकाला न सांगता काढून ठेवत असेल, तर ती चोरीच आहे.

गाडीमालकांना दोनच गोष्टी. चेक लाइट स्थिर पेटला तर एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकायला लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, सुरक्षित जागा बघून थांबा, टो करा. दुसरं म्हणजे, तोडणीच्या दिवसांत शेतात गाडी पाचटावर उभी करू नका. साधा तापलेला कॅटकॉनही वाळलेलं पाचट पेटवायला पुरतो, आणि मिसिंग मारणारी गाडी असेल तर शेत आणि गाडी दोन्ही जातील.

एका मुलानं मघाशी चिठ्ठी पाठवलीय: दुरुस्ती झाल्यावर खात्री कशी करायची? बाळा, गाडी सपाटीवर फिरवून परत देऊ नकोस. स्कॅनर लावून काकतीच्या पुढं वंटमुरी घाट चढव, वरच्या गिअरमध्ये, भार देऊन. शेजारी एकाला बसव आणि मिसफायर काउंटर, म्हणजे मिसिंग मोजणारा आकडा, बघायला सांग, तू रस्त्यावर लक्ष ठेव. वर पोचलास की पाच मिनिटं इंजिन बंद ठेव, म्हणजे कॉइल आतून अजून तापते, आणि पुन्हा एकदा चढव. दोन्ही वेळा चारही सिलिंडरसमोर शून्य राहिलं, तर ये आणि मालकाला फोन कर.